‘केदार’ : राहणं, उरणं, ठरणं आणि शोभणं. एका स्पॅनिश क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्यांचे आहेत. त्यात एफसी रोडवर संध्याकाळच्या बॅचला येणारे आहेत, हिंजवडीत बसून रात्री मेक्सिकोच्या टीमशी कॉलवर बोलणारे आहेत आणि नुसत्या मालिका बघून शिकणारेही आहेत. स्पॅनिश वाक्यं देवनागरीत दिली आहेत, उच्चार लॅटिन अमेरिकेच्या वळणाचे. जोर अनपेक्षित जागी पडत असेल तिथे अवग्रह (ऽ) लावला आहे. या क्रियापदात त्या एका अवग्रहाने ‘मी’चा ‘तो’ होतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

हे ‘केदार’ नेमकं कोणतं क्रियापद? नाव ऐकून हसू येतं.

एकदा हसून घ्या. पुण्यातल्या प्रत्येक बॅचमध्ये एखादा केदार असतोच आणि त्या दिवशी बिचाऱ्याचे हाल होतात. स्पेलिंग आहे क्यू, यू, ई, डी, ए, आर. यातला ‘यू’ फक्त लिहायचा, उच्चारायचा नाही. म्हणजे ‘क्वेदार’ नाही, ‘केदार’च. जोर ‘दार’वर. ‘द’ मात्र आपल्यापेक्षा मऊ, जीभ दातांना जेमतेम लागली न लागली असा.

एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे? शब्दकोश उघडला तर यादी संपेना.

यादी पाठ करू नका. हा शब्द लॅटिनमधल्या ‘क्विएतारे’पासून आला. त्याचा अर्थ शांत करणं, निववणं. स्पॅनिशमध्ये स्थिर, निश्चल या अर्थाचा ‘क्येतो’ हा शब्द त्याच घरातला. हालचाल थांबली, धांदल संपली, की जे जिथे आणि जसं स्थिरावतं ते ‘केदार’. खर्च झाल्यावर खिशात पैसे उरतात, सगळे गेल्यावर एकजण घरी राहतो, चर्चा संपून भेट सात वाजता ठरते, शिवून झालेला ब्लाउज अंगात बसतो, शिजलेला भात खारट होतो. स्पॅनिश माणूस या सगळ्याला एकच क्रियापद वापरतो.

इथे माझं मत स्पष्ट आहे. हे क्रियापद इंग्रजीतून शिकलात तर पाच-सहा वेगळे शब्द वेगवेगळे पाठ करावे लागतील आणि त्यांचा एकमेकांशी संबंध कधी लागणार नाही. मराठीतून शिकलात तर निम्मं काम ‘राहणे’ हे एकटं क्रियापद करतं आणि उरलेल्यापैकी बरंचसं ‘मला’ हा शब्द. पुण्यातले बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजी पुस्तकांतून शिकतात, आणि हातातलं हे भांडवल वापरायचंच विसरतात.

मग सुरुवात कुठून करू?

‘उरणे’पासून. ‘केदान दोस दीआस’ म्हणजे दोन दिवस राहिले. ‘नो केदा लेचे’ म्हणजे दूध उरलेलं नाही, संपलं. इथे क्रियापद उरलेल्या वस्तूप्रमाणे चालतं. एक वस्तू असेल तर ‘केदा’, अनेक असतील तर ‘केदान’. आपणही ‘एक दिवस राहिला, दोन दिवस राहिले’ असंच म्हणतो.

आता त्यात ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’ घाला. स्पॅनिशमध्ये ते ‘मे’, ‘ते’, ‘ले’. ‘मे केदान स्येन पेसोस’ म्हणजे माझ्याकडे शंभर पेसो उरलेत. ‘क्वांतो ते केदा?’ म्हणजे तुझं किती राहिलंय? पैसे, वेळ, काम, काहीही. इंग्रजीतून येणारा माणूस इथे ‘मी’ला कर्ता करायला बघतो आणि अडकतो. ‘मला आवडतं, मला जमतं, मला पुरतं’ असं दिवसभर बोलणाऱ्याला अडकायचं काही कारण नाही.

काम बाकी असेल तर मध्ये ‘पोर’ आणि पुढे मूळ क्रियापद. ‘केदा मूचो पोर आसेर’ म्हणजे बरंच करायचं राहिलंय. ऑफिसच्या कॉलवर हे वाक्य रोज उपयोगी पडतं, बहुधा रोज खरंही असतं.

कपड्यांच्या दुकानात हेच क्रियापद का ऐकू येतं?

कारण कपडा अंगावर ‘राहतो’ कसा, हा प्रश्न आहे. ‘ते केदा ब्येन’ म्हणजे तुला छान दिसतं, शोभतं. ‘मे केदा ग्रांदे’ म्हणजे मला मोठा होतो.

हे नीट बघा, कारण मराठी आणि स्पॅनिश इथे पायात पाय घालून चालतात. ‘हा शर्ट मला मोठा होतो’ : ‘एस्ता कामीसा मे केदा ग्रांदे’. ‘हे बूट मला मोठे होतात’ : ‘एस्तोस सापातोस मे केदान ग्रांदेस’. ‘मला’ जागच्या जागी आहे, क्रियापद बुटांप्रमाणे बदललं आणि ‘मोठे’ हे विशेषणही बुटांप्रमाणे बदललं. ‘ग्रांदे’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, फक्त एकवचन-अनेकवचन बघतं. पण घट्ट या अर्थाचा ‘आप्रेतादो’ दोन्ही बघतो. पॅन्ट स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून ‘आप्रेतादो’, शर्ट स्त्रीलिंगी म्हणून ‘आप्रेतादा’. हो, शर्ट स्त्रीलिंगी आहे. यावर वाद घालून उपयोग नाही.

लक्ष्मी रोडवर साडी खांद्यावर टाकून दुकानदार ‘हा रंग तुम्हाला खुलतो’ म्हणतो, ते स्पॅनिशमध्ये ‘एसे कोलोर ले केदा मुइ ब्येन’. ‘ते’ऐवजी ‘ले’ आला, कारण अनोळखी गिऱ्हाइकाला ‘तू’ म्हणायचं नाही. ‘तुला’ आणि ‘तुम्हाला’ हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही.

आणि खरेदी पक्की झाली की? ‘मे केदो कोन एस्ता’, हीच द्या, ही घेते. त्याबद्दल पुढे.

एक लाक्षणिक वापरही इथलाच. एखाद्याला पद झेपत नसेल तर ‘एल प्वेस्तो ले केदा ग्रांदे’. खुर्ची त्याला मोठी होते.

‘मी कोथरूडला राहतो’ हे ‘मे केदो एन कोथरूड’ होईल ना?

नाही. मराठी इथे पक्का दगा देते. आपलं ‘राहणे’ वास्तव्यालाही चालतं आणि मुक्कामालाही. स्पॅनिशमध्ये वास्तव्य म्हणजे ‘बिबीर’. ‘बीबो एन कोथरूड’ म्हणजे माझं घर तिथे आहे. ‘मे केदो एन कोथरूड’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, सगळे स्वारगेटला निघालेत आणि हा मात्र कोथरूडमध्येच थांबतोय.

मामाकडे चार दिवस राहिलात तर ते ‘केदार’च: ‘मे केदेऽ एन कासा दे मी तीओ’.

‘केदार’ आणि ‘केदार्से’ यात फरक काय? ‘से’ लावला नाही तर चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ‘नाही, चालणार नाही’.

साधारण हिशोब असा. वस्तू उरते, जागा कुठेतरी असते, कपडा बसतो, बेत ठरतो, तेव्हा नुसतं ‘केदार’. माणूस स्वतः थांबतो, काही स्वतःजवळ ठेवून घेतो किंवा त्याच्या अवस्थेत बदल होऊन तो तसाच राहतो, तेव्हा ‘केदार्से’. म्हणजे क्रियापदाबरोबर ‘मे, ते, से, नोस’ चालत राहतात.

फरक किती महागात पडू शकतो ते बघा. ‘केदो कोन पेद्रो’ म्हणजे मी पेद्रोला भेटतेय, ठरलंय आमचं. ‘मे केदो कोन पेद्रो’ म्हणजे मी पेद्रोपाशी थांबतेय. आणि दोघांतून एकाची निवड चालली असेल, तर ‘मला पेद्रोच हवा’. एका ‘मे’ने चहाच्या भेटीचं लग्न होऊ शकतं.

थांबण्याचा अर्थ रोजच्या बोलण्यात फार येतो. ‘ते केदास आ कोमेर?’ म्हणजे जेवायला थांबतोस का? पुण्यात हा प्रश्न पाहुण्याला दाराशी चपला घालताना विचारतात अशी चेष्टा आपण स्वतःच करतो. स्पॅनिश घरात तो विचारला तर हो म्हणायला हरकत नाही. मराठी ‘थांब’चे मात्र दोन तुकडे करा. ‘जाऊ नकोस, थांब’ हे ‘केऽदाते’. ‘एक मिनिट थांब’ हे ‘एस्पेरा’. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा स्पेनमध्ये सगळीकडे ‘केऽदाते एन कासा’, घरीच थांब, हे वाक्य झळकत होतं. आज्ञार्थ लक्षात ठेवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

जवळ ठेवून घेण्यासाठी ‘केदार्से कोन’. टॅक्सीवाल्याला वरचे पैसे सोडायचे तर ‘केऽदेसे कोन एल काम्ब्यो’. आपण रिक्षावाल्याला ‘राहू द्या’ म्हणतो, अगदी तेच. (वाक्य दोन्ही भाषांत सोपं आहे. सुटे नाहीत म्हणून ते नाइलाजाने म्हणावं लागतं, तो भाग वेगळा.) पण ‘जाऊ दे, राहू दे, मी बघतो’ यातलं ‘राहू दे’ हे ‘केदार’ नाही. ते ‘देऽहालो’. मूळ क्रियापद ‘देहार’, म्हणजे ठेवणे, सोडणे. तुम्ही पुस्तक टेबलावर ठेवता ते ‘देहार’, मग ते तिथे राहतं ते ‘केदार’. पश्चिम स्पेनच्या काही भागांत लोक ठेवण्यालाही ‘केदार’च म्हणतात. ऐकू आलं तर दचकू नका, परीक्षेत लिहू नका.

‘बघत राहिला’ कसं म्हणायचं?

‘से केदोऽ मिरांदो’. ‘मिरांदो’ म्हणजे बघत, ‘से केदोऽ’ म्हणजे राहिला. शब्दाला शब्द. वर्गात हे वाक्य फळ्यावर आलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

भेट ठरवायला हे कसं वापरतात? मेक्सिकोच्या सहकाऱ्याला मी ‘केदामोस?’ म्हटलं तर तो गोंधळला.

गोंधळणारच. ‘केदामोस आ लास स्येते?’, सात वाजता भेटायचं का, हा स्पेनचा रोजचा प्रयोग. माद्रिदची तरुण मुलं दिवसातून दहा वेळा म्हणतात. ‘केदामोस आ लास स्येते एन गुडलक’ म्हटलं की डेक्कनला गुडलक चौकात सातला भेट ठरली. भेटायला जमणाऱ्या टोळक्यालाही तिथे ‘केदादा’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेत मात्र भेटण्यासाठी ‘नोस बेमोस’ किंवा ‘नोस एनकोंत्रामोस’ म्हणा. आणि मेक्सिकोत ‘केदादा’ हा शब्द तर चुकूनही नको. तिथे तो लग्न न झालेल्या बाईला हिणवण्यासाठी वापरतात.

दोन्हीकडे चालणारा प्रयोग म्हणजे ‘केदार एन’, ठरणं. ‘केदामोस एन आब्लार एल लूनेस’ म्हटलं तर सोमवारी बोलायचं ठरलं. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘असं ठरलं की’ म्हणायला ‘केदामोस एन के’.

याच घरातला एक प्रश्न पाठच करा: ‘एन केऽ केदामोस?’ म्हणजे मग नक्की ठरलं काय? मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं चर्चा झाली, कुणी काय करायचं कुणालाच कळलेलं नाही, अशा वेळी हे विचारा. समोरचा आधी एक बोलला आणि आता दुसरंच बोलतोय, तेव्हाही चालतं. स्वर जरा चढवला की ‘काहीतरी एक बोल’ असा अर्थ होतो.

‘केदामोस’ म्हणजे भेटू की भेटायचं ठरलं? वर्तमान की भूत?

दोन्ही. ‘आम्ही’च्या रूपात वर्तमान आणि भूत सारखेच. संदर्भावरून ओळखायचं. बाकी क्रियापद नियमित आहे. वर्तमान: केदो, केदास, केदा, केदामोस, केदाइस, केदान. भूत: केदेऽ, केदास्ते, केदोऽ, केदामोस, केदास्तेइस, केदारोन. ‘केदाइस’ आणि ‘केदास्तेइस’ फक्त स्पेनमध्ये लागतात. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही सगळे’लाही ‘केदान’ आणि ‘केदारोन’ चालतं.

अवग्रह आता बघा. ‘मे केदो’ मी थांबतो, ‘से केदोऽ’ तो थांबला. लिहिताना तो जोर म्हणजे अक्षरावरची तिरकी रेघ. मोबाइलवर टाइप करताना ती गाळायची सवय लावून घेऊ नका.

‘स्वारगेट कुठे आहे’ याला ‘दोंदे केदा’ की ‘दोंदे एस्ताऽ’?

दोन्ही बरोबर. ‘केदा’ फक्त जागचं न हलणाऱ्या गोष्टींना: गाव, इमारत, चौक, स्टेशन. माणूस कुठे आहे, किल्ल्या कुठे आहेत, याला ‘एस्ताऽ’च.

पण ‘केदा’ला ‘मे’ जोडलात तर पुणेकरांच्या कामाची चीज हाती येते. ‘हिंजवडी मे केदा लेहोस’ म्हणजे हिंजवडी मला लांब पडते. ‘मे केदा दे पासो’ म्हणजे मला वाटेतच पडतं. आपलं ‘पडणे’ आणि त्यांचं ‘केदार’ इथे नेमकं एकाच कामाला आहे. लिफ्ट देणाऱ्याने ‘वाटेतच पडतं’ म्हणायची पद्धतही दोन्हीकडे आहे, पडत नसलं तरी.

‘आंधळा झाला, टक्कल पडलं, झोप लागली’ या सगळ्याला ‘केदार्से’ कसं?

बदल झाला आणि माणूस त्या अवस्थेत राहिला, म्हणून. ‘से केदोऽ स्येगो’ आंधळा झाला, ‘से केदोऽ काल्बो’ टक्कल पडलं, ‘से केदोऽ सिन त्राबाहो’ नोकरी गेली. बहुतेक वेळा काहीतरी गमावलेलं असतं किंवा गोष्ट आपल्या हातात नसते. ‘सिन’ म्हणजे विना, आणि ‘केदार्से सिन’ म्हणजे एखादी गोष्ट संपून तिच्याविना राहणं. ‘मे केदेऽ सिन बातेरीआ’, फोनची बॅटरी संपली. ‘मे केदेऽ दोर्मीदो’ म्हणजे झोप लागली. उशिरा पोचल्यावर सांगितलं तर जाग आली नाही.

स्पॅनिशमध्ये ‘होणे’ची क्रियापदं आणखीही आहेत. लाल होणं, घाबरंघुबरं होणं असं तेवढ्यापुरतं असेल तर ‘पोनेर्से’. स्वभावच बदलला, वेडा झाला, तर ‘बोल्बेर्से’. कष्टाने डॉक्टर झाला, श्रीमंत झाला, तर ‘आसेर्से’. या चौघांच्या सीमा अगदी काटेकोर नाहीत. सुरुवातीला एवढं पुरे.

लॅटिन अमेरिकेत यातली बरीच वाक्यं ‘से’शिवाय ऐकू येतात, ‘केदोऽ स्येगो’ वगैरे. तेही बरोबरच.

माझी छत्री बसमध्ये राहिली. हे सांगता येईल?

येईल, आणि अपराधीपणाशिवाय येईल. ‘से मे केदोऽ एल पाराग्वास एन एल आउतोबूस’. ‘मी विसरलो’ असं कुठेच नाही. छत्री आपली आपण राहिली. मराठीतही आपण हेच करतो. डबा राहिला, चष्मा राहिला, फाइल घरीच राहिली. हा प्रयोग लॅटिन अमेरिकेत सर्रास चालतो. स्पेनमध्ये लोक ‘मे देहेऽ’ म्हणतील, म्हणजे मी सोडून आलो.

सांगायचं राहून गेलं असेल तर त्याला सुंदर वाक्प्रचार आहे: ‘से मे केदोऽ एन एल तिन्तेरो’. ‘तिन्तेरो’ म्हणजे दौत. लिहायचं ते शाईच्या दौतीतच राहून गेलं.

‘फाल्ता’, ‘केदा’ आणि ‘सोब्रा’ यांत गोंधळ होतो.

कमी पडणं ‘फाल्तार’, शिल्लक असणं ‘केदार’, गरजेपेक्षा जास्त होऊन उरणं ‘सोब्रार’. दहा पाहुणे, आठ खुर्च्या: ‘फाल्तान दोस’. लग्नात जिलेबी उरली: ‘सोब्रोऽ’. वेळेच्या बाबतीत पहिली दोन जवळजवळ सारखी. ‘फाल्तान द्येस मिनूतोस’ आणि ‘केदान द्येस मिनूतोस’. पहिल्यात कशाला तरी दहा मिनिटं कमी आहेत, म्हणजे गाडी सुटायला वगैरे. दुसऱ्यात हातात दहा मिनिटं आहेत. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षक दुसरं म्हणेल.

‘केदार ब्येन’ म्हणजे फक्त कपडेच का?

नाही. इथे लोकलाज येते. ‘केदार ब्येन कोन आल्ग्येन’ म्हणजे कुणाच्या तरी नजरेत चांगलं ठरणं, छाप पाडणं. सासूबाईंकडे पहिल्यांदा जाताना मिठाईचा पुडा नेतात तो ‘पारा केदार ब्येन’. शब्द देऊन आयत्या वेळी तोंड फिरवलं की ‘केदार माल’. चारचौघांत हसं झालं की ‘केदार एन रिदीकुलो’, जोर ‘दी’वर. चार लोक काय म्हणतील हा हिशोब ज्याला कळतो त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

स्वयंपाकही याच रांगेत. ‘एल आरोस केदोऽ सालादो’ भात खारट झाला, ‘केदोऽ रीको’ मस्त झाला. सामन्याचा निकालही: ‘कोमो केदोऽ एल पार्तीदो?’ मॅचचं काय झालं? पहिला आला तर ‘केदोऽ प्रिमेरो’.

सरकारी सूचनांत ‘केदा प्रोइबीदो’ दिसतं. ते साध्या ‘मनाई आहे’पेक्षा वेगळं आहे का?

अर्थ तोच, पण वजन जास्त. याद्वारे मनाई करण्यात येत आहे, असा थाट. ‘केदा प्रोइबीदो फुमार’ म्हणजे धूम्रपानास मनाई. त्यात ‘तेर्मिनांतेमेंते’ घातलं की ‘सक्त मनाई’. पुणेरी पाटी स्पॅनिशमध्ये लिहायची वेळ आली तर सुरुवात इथून करा. समारंभात फीत कापताना पाहुणे ‘केदा इनाउगुरादो’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारला की उद्घाटन झालं.

संचारबंदीला स्पॅनिशमध्ये ‘तोके दे केदा’ म्हणतात. ‘तोके’ म्हणजे घंटेचा ठोका, रात्री लोकांनी घरी जाऊन स्वस्थ बसावं म्हणून दिलेला. मूळ ‘शांत’ हा अर्थ इथे अजून टिकून आहे.

आणखी कोणते वाक्प्रचार शिकण्यासारखे आहेत?

‘केदार्से कोन लास गानास’ पहिला, कारण तो पदोपदी लागतो. इच्छा मनातच राहणं, हौस राहून जाणं. तिकिटं संपली, दुकान बंद झालं, शेवटचा घास दुसऱ्याने उचलला, तर ‘मे केदेऽ कोन लास गानास’. ‘केदार्से दे प्येद्रा’ म्हणजे ऐकून थिजून जाणं, दगडच होणं. ‘केदार्से एन ब्लांको’ म्हणजे ऐन वेळी डोक्यात काहीच न येणं, तोंडी परीक्षेत होतं तसं. ‘केदार एन नादा’ म्हणजे गाजावाजा होऊन शेवटी काही न होणं. ‘केदार्से पारा बेस्तीर सांतोस’ म्हणजे देवळातल्या संतांच्या मूर्तींना कपडे चढवायला उरणं. बाईचं लग्न न झाल्याबद्दलचं हे बोलणं आता जुनं आणि बोचरं वाटतं. समजून घ्या, वापरू नका.

स्पेनचं शिकू की लॅटिन अमेरिकेचं? परीक्षेत काय चालतं?

काम कुणाशी आहे ते बघा. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे, त्यातला स्पेन एक. पुण्यातल्या कंपन्यांत मेक्सिको, कोलंबियाशी काम असेल तर भेटायला ‘केदामोस’ सोडून द्या, बाकी सगळं चालेल. इन्स्टिट्यूतो सेर्वांतेसच्या ‘देले’ परीक्षेत कोणत्याही देशाचं प्रमाण स्पॅनिश चालतं, फक्त ऐकण्याच्या भागात दोन्हीकडचे आवाज असतात. म्हणून बोला एक, समजा दोन्ही. पुण्यात पद्धतशीर शिकायचं असेल तर विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग एफसी रोडवर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे, तिथे चौकशी करा.

सराव कसा करू?

दिवसभरात तुमच्या तोंडून ‘राहिलं’, ‘उरलं’, ‘ठरलं’ आणि ‘मोठा होतो, लांब पडतं’ किती वेळा येतं ते बघा आणि तिथल्या तिथे स्पॅनिश वाक्य करा. पीएमपीच्या स्टॉपवर उभं असताना चार वाक्यं सहज होतात. फक्त ‘मी अमुक ठिकाणी राहतो’ आलं की ‘बिबीर’. वहीत ‘केदार’चं पान केलंत तर त्यावर इंग्रजी शब्द लिहू नका.

गोव्यातल्या एका आजोबांनी सांगितलं की पोर्तुगीजमध्ये यासाठी वेगळाच शब्द आहे. खरं का?

खरं आहे, ‘फिकार’. राहणं, जागा असणं, शोभणं, होणं, ही कामं तिकडे तो करतो. भाऊबंद भाषा आहेत, पण हा शब्द वेगळा.

मालिकेत ‘ते एस्ताऽस केदांदो कोनमीगो?’ ऐकलं. ‘माझ्याकडे राहतोयस का?’ असंच ना?

मालिका स्पेनची असेल तर नाही. तिथे बोलीभाषेत त्याचा अर्थ ‘माझी फिरकी घेतोयस का?’ लॅटिन अमेरिकेत कुणाला असं विचारलंत तर तो शब्दशः घेईल आणि गांभीर्याने सांगेल, नाही, मी हॉटेलात उतरलोय.